हवा मोजावी ती पहाटे

भाईंदर पश्चिमेत राहणाऱ्या माणसाशी थंडी आणि टायर यांच्याबद्दल बोलायला गेलं, तर तो पहिल्यांदा विचारेल, इथे थंडी आहेच कुठे? प्रश्न रास्त आहे. एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला उत्तनचा समुद्र, मधे मिठागरं. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा सतरा-अठराच्या आसपास उतरतो, क्वचित एखाद्या पहाटे चौदाला टेकतो, आणि दुपारी पुन्हा तीस-एकतीस. पहाटेच्या लोकलला मफलर दिसू लागले की थंडी आली असं आम्ही म्हणतो. त्यात गाडीच्या टायरांचा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आला नसता. पण एका जानेवारीत मेहकरच्या टायरवाल्याने माझ्या गाडीचा टायर रिमवरून उतरवला आणि त्याच्या पोटातून ओंजळभर काळा चुरा काढून समोर धरला. तेव्हापासून हा विषय मी ओळखीच्या प्रत्येक गाडीवाल्याला सांगत आलो आहे. इथे तो सविस्तर मांडतो.

त्या जानेवारीत एका लग्नासाठी निघालो होतो. गाडीत आम्ही पाच जण, डिकीत बॅगा आणि आहेराचं सामान. शिर्डीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे समृद्धी महामार्गाने मेहकर, असा बेत. भर दुपारी घरून निघालो. काशिमीरा, घोडबंदर, गायमुखचे खड्डे आणि तिथली ती कायमची रांग पार करून पुढच्या एका पंपावर पेट्रोल भरलं आणि हवा बघायला सांगितली. तिथल्या मुलाने गेज लावलं. छत्तीस-सदतीस दाखवत होतं. "सर, जास्त आहे. समृद्धीवर जाणार ना? मग कमीच ठेवा, तिकडे गरम होऊन फुगते," असं म्हणून त्याने चारही टायरांतली हवा सोडून तेहतीसवर आणली. गाडीतल्या सगळ्यांना ते पटलं. आजही दहा जणांना विचारलं तर बहुतेकांना पटेल, आणि म्हणूनच मला हे लिहावंसं वाटतं.

पहाटे शिर्डीत काचांवर दव होतं आणि गाडीतला आकडा नऊ अंश दाखवत होता. टायर पाहिले, नेहमीसारखेच दिसले. हल्लीचे रेडियल टायर खाली थोडे फुगलेलेच असतात, पाच-सहा पीएसआय हवा कमी असली तरी नुसत्या नजरेला कळत नाही. लाथ मारून तर अजिबात कळत नाही. महामार्गाला लागलो. स्टिअरिंग किंचित जड वाटत होतं आणि गाडी डावीकडे झुकत होती. मेहकरला खाली उतरल्यावर जळक्या रबराचा वास आला. मागच्या डाव्या चाकाला हात लावला तर लावून ठेववेना.

टायरवाल्या भाऊंनी आधी गेज लावलं. इतक्या तापलेल्या त्या टायरात सत्तावीस. बाकीच्या तिघांत एकतीसच्या आसपास. मग त्यांनी डावा टायर उतरवला. आतल्या बाजूला, भिंतीच्या मध्यावर गोल फिरलेला घासल्याचा पट्टा, आणि तळाशी रबराचा चुरा. "भाऊ, हा टायर कामाचा नाही राहिला आता. वरून चांगला दिसते, आतून पार किसला," ते म्हणाले. नक्षी अजून भरपूर शिल्लक होती. बाहेरून पाहून कुणीही तो चांगला टायर म्हणून विकत घेतला असता. त्यांनी माझ्यासमोरच सुरीने त्याची भिंत चिरली, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या गाडीला लागायला नको. त्या माणसाचा मला फार आदर वाटतो.

आता यात झालं काय, ते आकड्यांनी पाहू, कारण आकड्यांशिवाय हे पटत नाही.

माझ्या गाडीच्या चालकाकडच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचं स्टिकर आहे. एरवी चारही टायरांत ३३ पीएसआय, आणि पाच माणसं व सामान असेल तर मागच्या टायरांत ३६. हे आकडे थंड टायरचे असतात. थंड टायर म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे, किंवा जेमतेम एक-दोन किलोमीटर चालली आहे. गाडी पळू लागली की टायर वळतो, वाकतो, तापतो, आतली हवा तापते आणि दाब तीन-चार पीएसआयने, कधी जास्तही वाढतो. ही वाढ गृहीत धरूनच कंपनीने तो आकडा दिलेला असतो. म्हणजे घोडबंदरवरून तापून आलेल्या टायरात दिसणारे ३७ हे मुळात थंडपणीचे ३३ होते. तिथे चार सोडले, तेव्हा थंडपणीचे २९ उरले.

मग रात्र पडली. बंद जागेतल्या हवेचा दाब तिच्या तापमानाप्रमाणे कमी-जास्त होतो, हे शाळेत शिकलेलं सूत्र. फक्त ते केल्विनमध्ये आणि एकूण दाबावर लागू होतं, आणि गेज दाखवतं तो वातावरणाच्या वरचा दाब. गाडीच्या टायरसाठी हिशेब साधारण असा बसतो की तापमान दर सहा अंशांनी उतरलं की एक पीएसआय कमी. भाईंदरची दुपार बत्तीस आणि शिर्डीची पहाट नऊ. फरक तेवीस अंशांचा, म्हणजे साडेतीन-पावणेचार पीएसआय. शिर्डी समुद्रसपाटीपेक्षा उंच असल्याने गेजवर थोडी भर पडते, ती धरूनही तीन गेलेच. २९ चे झाले २६. आणि त्या दिवशीच्या वजनाला मागे हवे होते ३६. डाव्या टायरात तर रिमच्या कडेने हळू गळतीही होती, तो आणखी खाली होता. एकेक कारण वेगळं घेतलं तर किरकोळ, पण सगळी एकाच पहाटे एकत्र आली.

कमी हवेने टायर फुटतो, जास्त हवेने फुटतो त्यापेक्षा कितीतरी सहज. हे वाक्य मी मुद्दाम ठासून लिहितो आहे, कारण आपल्याकडे नेमका उलटा समज घट्ट बसला आहे. गाडीचं वजन रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. हवा कमी झाली की टायरची भिंत जमिनीशी टेकताना जास्त दबते, सुटताना पुन्हा उघडते. मध्यम आकाराच्या गाडीचं चाक १२० च्या वेगाला सेकंदात सतरा वेळा फिरतं. म्हणजे भिंतीचा प्रत्येक इंच सेकंदाला सतरा वेळा दुमडतो. तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की ती जागा तापते आणि मग तुटते, तसंच इथे घडतं. रबर आणि आतले धागे तापतात, थर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि मग एखादा साधा धक्काही पुरतो. ज्या उष्णतेला भिऊन आपण हवा सोडतो, ती उष्णता हवा सोडल्यामुळेच जास्त तयार होते.

या गोष्टीची फार मोठी किंमत अमेरिकेने मोजली आहे. २००० च्या ऑगस्टमध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे पासष्ट लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेच फोर्ड एक्सप्लोरर या गाडीवर होते. धावताना टायरचा वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या, आणि अडीचशेहून अधिक माणसं दगावली. टायरमध्ये दोष होते, आणि गाडीच्या रचनेवरूनही दोन्ही कंपन्यांत जुंपली. पण त्या वादातला एक मुद्दा हवेचाच होता. फोर्डने त्या गाडीला २६ पीएसआय हवा सांगितली होती, तर टायर कंपनीचं म्हणणं ३० असावी असं होतं. त्याच वर्षी तिथे कायदा झाला, आणि त्यातूनच पुढे टायरचा दाब सांगणारी यंत्रणा नव्या गाड्यांत सक्तीची झाली. आपल्याकडच्या बऱ्याच नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर टायरचं जे चिन्ह दिसतं, त्याचं मूळ त्या अपघातांत आहे.

त्या चिन्हाबद्दल एक सावधगिरी. अमेरिकी नियमानुसार दाब पंचवीस टक्के खाली गेल्यावर दिवा लागला पाहिजे, एवढीच अट आहे. ३३ च्या पंचवीस टक्के खाली म्हणजे पावणेपंचवीस. माझ्या गाडीत ही यंत्रणा नव्हती, पण असती आणि याच हिशेबाने चालत असती, तर २६ वरच्या तीन टायरांसाठी त्या पहाटे दिवा लागला नसता. दिवा लागला की थांबा, हे बरोबर आहे. दिवा लागला नाही म्हणून सगळं ठीक, असं समजू नका. ज्या गाड्यांत प्रत्येक टायरचा आकडा दिसतो, त्यांच्या मालकांनी निघण्याआधी तो आकडा वाचावा.

समृद्धीने हा प्रश्न जास्त गंभीर केला आहे. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ५ जून २०२५ ला. आता भिवंडीजवळच्या आमण्याहून चढलं की नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर सलग रस्ता. पूर्वी भाईंदरहून निघालेली गाडी शहापूरला चहाला थांबायची, कसारा घाटात आपोआप मंदावायची, घोटीला पुन्हा थांबायची. तेवढ्यात टायर निवायचे आणि एखादा बसलेला टायर कुणाच्या तरी नजरेस पडायचा. आता तोच घाट बोगद्यातून पार होतो आणि गाडी तासन्‌तास एकाच वेगाने पळत राहते. रस्ता उत्तम आहे, मला तो आवडतो. पण शहरातल्या साठच्या वेगाला जे टायर मुकाट्याने चालतात, त्यांची परीक्षा १२० ला होते. अपघात वाढल्यावर परिवहन विभागाने प्रवेशापाशीच टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरवाल्या गाड्या परत फिरवल्या. नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, हा नियमच आहे. पण तपासणारा माणूस नक्षी पाहतो, आतली हवा त्याला दिसत नाही. ती आपणच मोजली पाहिजे.

आणि समृद्धीवर फक्त उन्हाळाच वाईट, असंही मानू नका. विदर्भातली थंडी भाईंदरकरांच्या कल्पनेतली नसते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले होते. आपल्या दुपारी भरलेली हवा तिथल्या तशा पहाटे चारेक पीएसआयने कमी भरेल, आणि तीही कुठेही गळती नसताना.

मग करायचं काय? सगळ्यात आधी स्वतःचं गेज घ्या. काही शे रुपयांत येतं, सोबत सिगारेट लायटरच्या खाचेत लागणारा छोटा कॉम्प्रेसर घेतला तर उत्तमच. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळणं हा आपला हक्क आहे, पण तिथलं गेज अनेक हातांतून गेलेलं असतं, आणि तिथे पोहोचेपर्यंत टायर तापतात. सकाळी सोसायटीत, गाडी हलवण्याआधी, ऊन टायरवर यायच्या आत मोजा. भाईंदर पश्चिमेतल्या अनेक इमारतींत गाड्या अर्ध्या सावलीत, अर्ध्या उन्हात लागतात. उन्हातल्या बाजूचे टायर दोन पीएसआय जास्त दाखवतात आणि माणूस डावा-उजवा फरक मिटवायला तिकडची हवा सोडतो. तो फरक उन्हाचा असतो.

आकडा दाराच्या चौकटीवरचाच घ्या, आणि गाडी भरलेली असेल तर भरलेल्या गाडीचा. टायरच्या भिंतीवर कोरलेला आकडा तो टायर जास्तीत जास्त किती दाब सोसेल याचा असतो, भरायचा नसतो. थंडीत म्हणून मुद्दाम पाच-सात जास्त भरणंही चूक. तसं केलं की टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो, पकड कमी होते, मधली नक्षी आधी झिजते.

गरम टायरात हवा भरावीच लागली तर भरा, पण सोडू नका. स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा तीन-चार जास्त दिसेपर्यंत भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर नेमकं जुळवा. पंपावरच्या माणसाला हे आधीच सांगा, "दादा, टायर गरम आहेत, हवा काढू नका." तो वाद घालेल, घालू द्या. मुक्कामाच्या गावी पहाटे निघण्यापूर्वी पुन्हा मोजा. थंड प्रदेशात त्या सकाळी दिसणारा आकडा हाच त्या दिवसाचा खरा आकडा, आणि तोच स्टिकरशी जुळला पाहिजे.

महाबळेश्वरला जाणाऱ्यांना एक गंमत वाटेल. तिथेही थंडी असते, पण गेजवर इतका फरक दिसत नाही. कारण महाबळेश्वर सुमारे १३७२ मीटर उंचावर आहे. तिथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सव्वादोन पीएसआयने कमी असतो, आणि गेज आतल्या-बाहेरच्या दाबातला फरकच दाखवत असल्याने तेवढी भर त्यावर दिसते. थंडीने तीन काढले, उंचीने सव्वादोन दिले. नाशिक, जालना, मेहकर, नागपूर ही गावं इतकी उंच नाहीत, त्यामुळे तिथली थंडी बरीचशी अंगावर येते.

नायट्रोजन भरला की थंडीची चिंता नाही, असं पैसे घेणारे सांगतात. आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि शुद्ध नायट्रोजनही थंडीत तेवढाच आकसतो. तो कोरडा असतो आणि किंचित हळू झिरपतो, एवढा फायदा खरा. पण एकदा नायट्रोजन भरला म्हणून महिनोन्‌महिने न पाहणारे लोक मी पाहिले आहेत, त्यापेक्षा साधी हवा भरून दर पंधरा दिवसांनी मोजणारा माणूस जास्त सुरक्षित. नायट्रोजन असलेल्या टायरात साधी हवा मिसळली तरी काही बिघडत नाही. हायवेवर हवा कमी दिसली आणि नायट्रोजनचं मशीन नाही म्हणून तसंच पुढे जाणं हे खरं धोक्याचं.

आता आपल्या गावाचं म्हणून एक वेगळं दुखणं. आमच्यातले बहुतेक जण कामाला लोकलने जातात. गाडी आठवडाभर उभी, रविवारी उत्तनपर्यंत फेरी, सणासुदीला गावी. उभ्या गाडीचीही हवा जाते. धडधाकट टायरातूनही महिन्याला एक-दोन पीएसआय झिरपतात. मे महिन्याच्या दुपारी भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे पाहिली, तर झिरपण्याने आणि थंडीने मिळून दहा पीएसआय सहज गेलेले असतील. त्यात इथला खारा वारा. टायर जिथे रिमला घट्ट बसतो त्या कडेला गंज धरतो, अलॉयवर पांढरी पूड येते, आणि तिथून सुईच्या टोकाएवढी गळती सुरू होते. माझ्या डाव्या टायरचं तेच झालं होतं. पंक्चर नव्हतंच, खिळा नव्हता. भाऊंनी रिमची कड घासून साफ केली. ही गळती घरीही सापडते. साबणाचं पाणी रिमच्या कडेला आणि वॉल्व्हच्या तोंडावर लावा, बारीक बुडबुडे दिसले की समजा. वॉल्व्हवरच्या टोप्या हरवू देऊ नका, खारं पाणी आणि वाळू तिथूनच आतल्या पिनपर्यंत पोहोचते. समुद्राकडे वरचेवर जाणाऱ्यांनी नवे टायर बसवताना रिमची कड साफ करून घ्यावी. दुकानदार आपणहून क्वचितच करतो.

हवा कमी असलेल्या टायरवर लांबचा पल्ला झाला असेल, तर नुसती हवा भरून पुढे जाऊ नका. टायर उतरवून आतून पाहायला लावा. चुरा दिसला, भिंतीवर गोल पट्टा दिसला, बाहेरून कुठे फुगवटा दिसला, तर तो टायर स्टेपनी म्हणूनही ठेवू नये.

परतताना हाच हिशेब उलटा लागतो. मेहकरला निघताना पहाटे मागे ३६ भरून घेतले होते. भाईंदरला पोहोचल्यावर, गरम टायरात, गेजने चाळिशी ओलांडली. ते पाहून घाबरायचं काहीच कारण नव्हतं. गाडी रात्रभर उभी राहू दिली, सामान उतरलं, माणसं उतरली. दुसऱ्या सकाळी थंड टायरवर मोजलं आणि जास्तीची हवा तेव्हा सोडून ३३ वर आणली. हवा सोडायची ती अशाच वेळी.

आणि स्टेपनी. त्या दिवशी मेहकरला स्टेपनी काढली, तर तिच्यात जेमतेम वीस हवा होती. डिकीच्या तळाशी, गालिच्याखाली, तिच्याकडे कुणी बघत नाही. दारावरच्या स्टिकरवर तिचाही आकडा असतो. छोट्या आकाराची तात्पुरती स्टेपनी असेल तर तो बराच जास्त, बहुधा साठ पीएसआय असतो, आणि तिच्यावर ८० च्या वर जायचं नसतं. चार टायरांबरोबर पाचवाही मोजा. त्यासाठी सामान भरण्याआधीच डिकी उघडा, नाहीतर भरलेल्या बॅगा बघून ते राहून जातं.